लॅपटॉपमधली दोन बोटांची पट्टी

वाचकहो, विहिरीवरची मोटार सुरू झाली नाही म्हणून आपण ती लगेच भंगारात काढतो का? आधी फ्यूज पाहतो, मग स्टार्टरचे पॉइंट घासतो. घरातल्या लॅपटॉपपुढे मात्र आपला धीर सुटतो.

खेड तालुक्यातल्या एका घरची गोष्ट. मुलगा चाकणला कारखान्यात, आईवडील कांदा-बटाटा करतात. ठिबकच्या अनुदानासाठी त्यांची निवड झाली होती. महाडीबीटीवर कागद चढवायला दोन दिवस उरले आणि लॅपटॉपचे वाय-फाय गेले. एका दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड गेल्याचे सांगून साडेआठ हजार मागितले. बाई माझ्याकडे आल्या. "साहेब, ठिबक पण गेलं अन् पैसं पण."

त्यांच्या मोबाईलवर नेट चालत होते, म्हणजे दोष लॅपटॉपचा. पण मी तो लगेच उघडला नाही. मोबाईल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडला, मोबाईलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू केले आणि त्याच नेटवर कागद चढवले. मुदत कुणासाठी थांबत नाही, लॅपटॉप थांबतो.

मग शोध सुरू केला. विमानाचे चित्र असलेले बटण चुकून दाबले गेले नव्हते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्सखाली वाय-फाय कार्डाचे नाव पाहिले. नाव आहे पण त्यावर पिवळी खूण आहे, असे असेल तर बहुधा ड्रायव्हर बिघडलेला असतो. तो पुन्हा भरावा. इथे नावच नव्हते. म्हणजे यंत्राला कार्ड दिसतच नव्हते.

पूर्वीच्या लॅपटॉपला कडेला खाच असे. पीसी कार्ड आणि २००३ नंतर एक्सप्रेसकार्ड तीत बाहेरून खोचता येई. हलले तर हाताने काढून पुन्हा बसवायचे. आता हे कार्ड पोटात गेले. साधारण २२ मिलिमीटर रुंद, ३० मिलिमीटर लांब, एका बारीक स्क्रूवर धरलेले. मुलगा रोज लॅपटॉप पाठीवर टाकून मोटारसायकलने जातो आणि चाकणचा रस्ता आपण जाणताच.

लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर काढला, मागचे झाकण उघडून बॅटरीची जोडणी सोडवली. बॅटरी जोडलेली ठेवून आत हात घालू नये. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून आधी लोखंडी खिडकीला हात लावला. स्क्रू सैल, कार्ड अर्धवट बाहेर! सोनेरी दातांवर धूळ होती. खोडरबर अगदी हलक्या हाताने फिरवला, भुगा झटकला, कार्ड तिरके आत सरकवून खाली दाबले, स्क्रू आवळला. नाव दिसू लागले.

(काही लॅपटॉपमध्ये हे कार्ड डाग देऊन पक्के केलेले असते. तिथे यूएसबीला लावायचे छोटे वाय-फाय यंत्र घ्यावे. गॅरंटी चालू असेल तर झाकणाला हातच लावू नये.)

मी ऐटीत चहा घेतला. पण मोबाईल शेजारी असेपर्यंतच नेट चाले. मोबाईल ओट्यावर नेला की बंद. बाई म्हणाल्या, "साहेब, आत काहीतरी राहिलं बघा."

पुन्हा उघडले. कार्डाला अँटेनाच्या दोन तारा असतात, काळी आणि पांढरी. दोन्हींची टिचकीबटणे मी ओढून काढली होती आणि बसवली होती फक्त पांढरी.