फिरकी धरणारा

पतंग उडविणाऱ्याकडे साऱ्या आळीचे लक्ष असते. फिरकी धरणाऱ्याकडे कोणाचेच नसते. पतंग वर चढला की शाबासकी उडविणाऱ्याला. पेच जिंकला की आरोळी त्याच्या नावाची. आणि पतंग कटला, की दोष मात्र फिरकी धरणाऱ्याच्या माथी! ‘वेळेवर ढील दिली नाहीस’ हे वाक्य ज्याने एकदाही ऐकले नाही, असा फिरकी धरणारा उल्हासनगरात सापडणार नाही, अंबरनाथला सापडणार नाही आणि बदलापुरातही नाही.

पौषातल्या एखाद्या दुपारी उल्हासनगरच्या एखाद्या गच्चीवर नजर टाकावी. एक मुलगा एकटाच पतंग चढविण्याच्या खटपटीत असतो. फिरकी त्याने पायाच्या दोन बोटांत धरून ठेवलेली असते. पतंग हाताने वर फेकावा आणि तो हवेत ठरण्यापूर्वीच दोरा खेचावा, अशी दुहेरी कसरत चाललेली असते. पतंग दोन हात वर जातो, गोता खातो आणि पाण्याच्या टाकीवर आपटतो. चौथ्या खेपेस कागद फाटतो. मग तो शेजारच्या गच्चीकडे पाहतो. तिथे कठड्यावर हनुवटी टेकून दुसरा एक मुलगा कितीतरी वेळ हा खेळ पाहत उभा असतो. त्याला बोलवायची गरजच नसते. ‘अरे, जरा फिरकी धरतोस का?’ एवढेच शब्द पुरतात. तो जिना उतरून, गल्ली ओलांडून, दुसरा जिना चढून धापा टाकीत येतो, आणि त्या क्षणी एक मंडळ स्थापन होते. त्याला अध्यक्ष नसतो, वर्गणी नसते, नियमावली नसते. सभासद मात्र दोन असतात. पहिला जातो फाटलेल्या पतंगाला भाताची शिते लावून ठिगळ चिकटवायला आणि दुसरा पतंग घेऊन गच्चीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहतो. जगातील सारी पतंगमंडळे अशीच जन्मली असावीत. सभा, ठराव आणि शिक्का या गोष्टी मागाहून येतात. कधीकधी त्या येतात आणि पतंग मात्र जातो, हा भाग निराळा.

फिरकी धरणारा प्रथम नाइलाजानेच उभा असतो. त्याला पतंग उडवायचा असतो आणि हाती येतात दोन दांड्या. पण दोनचार दिवसांत त्याच्या ध्यानात येऊ लागते, की हे काम तितके सोपे नाही. फिरकी घट्ट धरली तर दोरा तुटतो, सैल सोडली तर दोऱ्याचे वेटोळे पायाशी पडून गुंता होतो. उडविणाऱ्याची नजर आभाळात असते. त्यामुळे त्याच्या खांद्याच्या हालचालीवरूनच पुढचे ओळखावे लागते. खांदा पुढे झुकला, की ढील. कोपर मागे आला, की भराभर गुंडाळणे. असा महिनाभर उभा राहिलेला मुलगा पतंगाचे सारे शास्त्र न कळत शिकून जातो. दोरा सैल पडला की पतंग डोलतो आणि स्वतःभोवती फिरतो. ओढला की ज्या बाजूस त्याचे नाक वळलेले असेल, त्या बाजूस तीरासारखा सुटतो. म्हणजे पतंग डावीकडे न्यायचा, तर तो डावीकडे वळेपर्यंत थांबायचे आणि मग ओढायचे. उतावळ्या माणसाला हे जमत नाही.

कण्णी बांधण्याचेही तसेच. ठड्डा म्हणजे पतंगाची उभी काडी, आणि कमान म्हणजे धनुष्यासारखी वाकविलेली आडवी काडी. जिथे ही दोन एकमेकींस छेदतात तिथे वरची गाठ आणि शेपटाजवळ ठड्ड्यावर खालची. या दोन दोऱ्यांच्या लांबीत बोटभर फरक पडला, तरी पतंगाचा स्वभाव बदलतो. वारा जोराचा असला तर खालचा दोरा किंचित लांब ठेवतात. त्यामुळे पतंग पुढे कलतो आणि वाऱ्याला छाती कमी देतो. हे गणित कोणी पाटीवर मांडून दाखवीत नाही. फिरकी धरता धरताच ते येते.

आता हे दोघांचे मंडळ चौघांचे, चौघांचे चाळिसांचे आणि एका गावाचे तीन गावांचे कसे व्हावे? गावेही कशी, तर अगदी शेजारची आणि अगदी निराळी! कल्याण सोडून कर्जतच्या वाटेला लागलेली लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके एकामागून एक घेत जाते. उल्हासनगर ते बदलापूर हे अंतर आहे अवघे दहा किलोमीटर. परंतु उल्हासनगर वसले ते दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसे छावणीच्या बराकींत राहू लागली, आणि ८ ऑगस्ट १९४९ या दिवशी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. नगराला नाव मिळाले ते उल्हास नदीचे. ‘कॅम्प नंबर चार’, ‘कॅम्प नंबर पाच’ असे पत्ते तिथे आजही सांगतात. अंबरनाथ मात्र जुने. वालधुनीच्या काठचे तेथील शिवमंदिर शिलाहार राजांनी बांधविले. मंदिरातील लेखावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा काल आहे. लेखात देवाचे नाव ‘आम्रनाथ’ असे आहे. पण अंबर म्हणजे आकाश, तेव्हा पतंगवाल्यांनी आपल्या सोयीने त्याला आकाशाचा नाथ मानले, तर देव रागावणार नाही. बदलापूर हे पूर्वी वाटेवरचे गाव. येथे घोडे बदलीत म्हणून बदलापूर, असे जुनी माणसे सांगतात.

संक्रांत मात्र तिन्ही गावांत एकदमच येते. मराठी घरांत तिळगूळ वाटला जातो. सिंधी घरांत त्याच दिवसाला ‘तिरमूरी’ म्हणतात आणि सासरी गेलेल्या लेकीला माहेराहून तिळाचे लाडू पाठवितात. गुजराती घरांत तीच उत्तरायण. पतंगाच्या बोलीत तर भाषांची अशी सरमिसळ झाली आहे, की मांजा, पेच, ढील हे शब्द मुळात कोणाचे, हे विचारणाराच वेडा ठरेल. वाऱ्यालाही नगरपालिकांच्या हद्दी ठाऊक नाहीत. सकाळी डोंगराकडून येणारा वारा मंद असतो. दुपार कलली की समुद्राकडचा वारा खाडीच्या आणि उल्हासच्या खोऱ्यातून वर सरकतो, आणि तेव्हा पतंगांची तोंडे मलंगगडाच्या बाजूच्या डोंगरांकडे वळलेली दिसतात. एका गावात कटलेला पतंग दुसऱ्या गावाच्या शिवारात उतरतो. ज्याच्या हाती तो लागतो, तो मालकाला कधीच पाहत नाही.

हौशी माणसांनी एकत्र येण्याचे नवल नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिको प्रांतात सिल्व्हर सिटी नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील रॉबर्ट इंग्रॅहम या गृहस्थाने १९६४ साली पतंगप्रेमींचा संघ काढला आणि त्यांच्यासाठी एक नियतकालिकही चालविले. साऱ्या देशाचा संघ, पण सुरुवात एका आडगावी! टोकियोत तर एका उपाहारगृहाच्या मालकाने आयुष्यभर जमविलेले पतंग घेऊन १९७७ साली त्याच इमारतीत पतंगांचे संग्रहालय उघडले. खाली जेवणाची पाने आणि वर पतंग. पण इतक्या लांब जायला नको. नाशिक जिल्ह्यातील येवले हे पैठणीसाठी प्रसिद्ध असलेले गाव. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस सारे येवले गच्चीवर असते. आजोबा, नातू, आई, आत्या सगळी! बांबूच्या कामट्यांची मोठी फिरकी तिथे वापरतात. तिला ‘आसारी’ म्हणतात. हलगी वाजते आणि कामधंदा बाजूला पडतो. येवल्यात मंडळ काढण्याची गरजच उरत नाही. अख्खे गाव हेच मंडळ.

तीन गावांच्या मंडळापुढे पहिला प्रश्न येतो तो जागेचा. वाढत्या वस्तीत मोकळी मैदाने थोडी, आणि मधोमध आगगाडीचा रस्ता. त्यावरच्या तारांतून पंचवीस हजार व्होल्टची वीज वाहते. तारेला अडकलेला पतंग काठीने काढू जाणे, किंवा कटलेल्या पतंगामागे आभाळाकडे बघत रुळांवर धावणे, म्हणजे जिवाशी खेळ. पतंग चार-पाच रुपयांचा असतो, ही गोष्ट नेमकी त्या वेळी आठवत नाही. म्हणून मैदान रुळांपासून आणि विजेच्या खांबांपासून दूर असावे, हे मंडळाने बाकी काही ठरविण्यापूर्वी ठरवावे. (गमतीची गोष्ट अशी, की १९३४ चा जो विमानविषयक कायदा भारतात नव्वद वर्षे चालला, त्यात विमानाच्या व्याख्येत फुगे आणि ग्लायडर यांच्याबरोबर पतंगाचाही उल्लेख होता. गच्चीवरचा प्रत्येक मुलगा त्या हिशेबाने वैमानिकच होता!)

दुसरा प्रश्न दोऱ्याचा. आणि मंडळे फुटतात ती या प्रश्नावर. जुना मांजा सुताचा. खळीत काचेची पूड आणि रंग कालवून तो सुतावर चढवीत. बरेलीच्या मांज्याची कीर्ती दूरवर होती. त्यानेही बोटे कापत, पण ओढ बसली की सूत तुटे, पावसाळ्यात कुजून जाई. पुढे नायलॉनचा मांजा आला. तो तुटत नाही, कुजतही नाही. संक्रांत संपून महिने लोटले, तरी झाडांच्या फांद्यांत तो दिसेनासा लटकत राहतो. पहाटे बाहेर पडणारे आणि तिन्हीसांजेला घरट्याकडे परतणारे पक्षी त्यात सापडतात. बगळे, घारी, घुबडे. आणि रात्री वटवाघळेही. दुचाकीवरून जाणाऱ्या माणसांचे गळे त्याने चिरले आहेत. कित्येकांचे प्राण गेले आहेत. जुलै २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉनच्या आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांज्यावर देशभर बंदी घातली. तरीही पिशवीच्या तळाशी लपवून तो विकला जातो, कारण घेणारे आहेत.

घेणाऱ्याचे म्हणणे सरळ असते : समोरचा तोच वापरतो, मग साध्या दोऱ्याने पेच कसा जिंकायचा? या म्हणण्यात खोटे काही नाही. एकटा मुलगा याला उत्तर देऊ शकत नाही. त्याचा पतंग रोज कटेल. उत्तर देऊ शकते ते मंडळच. सर्वांनी मिळून एकच साधा सुती दोरा घ्यावा, मैदानात येताना प्रत्येक फिरकी तपासावी, आणि मग पेच लढवावेत. तेव्हा कळते की खरा पतंगबाज कोण. नायलॉनने जिंकलेला पेच दुकानदाराने जिंकलेला असतो. साध्या दोऱ्याचा पेच लांबतो, दोन्ही पतंग एकमेकांना घासत वाऱ्यावर दूर दूर जातात, आणि त्या वेळी सारी मदार असते ढील देणाऱ्यावर, म्हणजे पुन्हा त्या फिरकी धरणाऱ्यावर.

दोरा कापण्याऐवजी जोडण्यासाठीही पतंग उडाला आहे. १८४८ साली नायगारा नदीच्या खोल दरीवर झुलता पूल बांधायचे ठरले. खाली पाण्याचा असा खळाळ की नाव घालता येईना. पहिला दोर पलीकडे न्यावा कसा? चार्ल्स एलेट या अभियंत्याने, जो मुलगा पतंगाचा दोरा पैलतीरी पोहोचवील त्याला बक्षीस लावले. होमन वॉल्श नावाचा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा पुढे आला. वारा अनुकूल मिळावा म्हणून तो नाव करून वरच्या बाजूने पलीकडच्या काठावर गेला. पतंग चढला, दरी ओलांडून गेलाही. पण खाली बर्फावर घासून दोरा तुटला. त्यातच नदीत बर्फ दाटले, नावा बंद झाल्या, आणि पोराला सुमारे आठ दिवस परक्या काठावर अडकून पडावे लागले. वाट मोकळी होताच तो घरी आला, पतंग दुरुस्त केला, आणि पुन्हा पलीकडे गेला. या खेपेस दोरा पोहोचला. अलीकडच्या काठावर लोकांनी तो पकडून बांधला. त्याला जाड दोरी, दोरीला दोरखंड, दोरखंडाला तारा असे करत अखेर पूल उभा राहिला.

उल्हासनगरच्या त्या गच्चीवर आता ऊन उतरलेले असते. बदलापूरच्या बाजूचे डोंगर निळे दिसू लागतात. बगळ्यांची पहिली रांग दिसताच पतंग खाली घ्यायला हवा, असे फिरकी धरणारा सांगतो. आज त्याचे ऐकले जाते. उडविणारा हात-हात दोरा खेचतो आणि दुसरा तो गुंता न होऊ देता गुंडाळीत राहतो. पतंग कठड्यावर अलगद टेकतो. तेवढ्यात गल्लीतून कोणी तिसरा वर पाहून विचारतो, ‘उद्या मी येऊ का रे?’ उडविणारा क्षणभर विचारात पडतो. मग तो शेजाऱ्याच्या हातची फिरकी आपल्याकडे घेतो, पतंगाचा दोरा त्याच्या बोटांत देतो आणि खाली ओरडून सांगतो, ‘ये. पण उद्या उडवणार हा, फिरकी माझ्याकडे. तुझी पाळी परवा!’