बॅटरीचा ताळेबंद

पंचवटीतील व्यापाऱ्यांचा दिवस सूर्योदयापूर्वीच सुरू होतो. दिंडोरी रस्त्यावरील बाजार समितीकडे मालाचे टेम्पो पहाटेच निघतात. नाशिकच्या थंडीत अशाच एखाद्या पहाटे किल्ली फिरवावी आणि बोनेटखालून नुसती टकटक ऐकू यावी, हा अनुभव अनेक पेढ्यांना आहे. त्यानंतर दोन निकाल ताबडतोब लागतात. एक, ‘बॅटरी गेली’. दुसरा, ‘ड्रायव्हरने रात्री दिवे चालू ठेवले असतील’. पावतीवाचून रोजमेळात एक ओळही न लिहिणारा गृहस्थ हे दोन्ही निकाल मात्र कोणत्याही पुराव्यावाचून मान्य करतो.

पुरावा मिळवणे महाग नाही. काही शे रुपयांत मिळणारा डिजिटल मल्टिमीटर त्यासाठी पुरेसा आहे. तो डीसी २० व्होल्टवर ठेवावा, लाल तार बॅटरीच्या अधिक टोकाला आणि काळी तार उणे टोकाला लावावी. लाल तार मीटरच्या अँपिअरच्या छिद्रात मात्र नसावी. तसे असताना तारा बॅटरीला लावल्यास शॉर्टसर्किट होते. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असल्याने जवळ उदबत्ती, काडी वा ठिणगी नको.

हिशेबाची सवय असलेल्यांना ही तपासणी परकी वाटणार नाही. प्रथम आरंभीची शिल्लक पाहावी. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी शिल्लक आणि १२ च्या खाली म्हणजे तिजोरी जवळजवळ रिकामी. गाडी बंद करताच घेतलेला आकडा फसवा असतो. तो काही काळ फुगलेला राहतो.

दुसरी कसोटी मोठ्या उचलीची. शिल्लक चांगली दिसली, तरी एकदम मागणी आल्यावर ती पुरी पडते का, हे पाहावे लागते. एकाने किल्ली फिरवावी, दुसऱ्याने मीटर पाहावा. भरलेल्या बॅटरीचा आकडा त्या क्षणी साधारण १० च्या आसपास टिकावा. तो ९.६ च्या खाली घसरला, तर बॅटरी थकली आहे असा संशय घ्यावा. थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिनातील ऑइल घट्ट होते. म्हणून उन्हाळ्याच्या उष्णतेने आलेला थकवा पहिल्या थंडीत उघडा पडतो.

तिसरी नोंद जमेची. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यावा. तो १२.५ च्या आसपासच रेंगाळला, तर अल्टरनेटर बॅटरीत काहीच जमा करीत नाही. १५ च्या वर गेला, तर जमा प्रमाणाबाहेर होते आहे आणि बॅटरीतील पाणी आटेल.

पंचवटीतील एका धान्य व्यापाऱ्याच्या टेम्पोच्या बाबतीत ही तिसरी नोंदच निर्णायक ठरली. आठवड्यात दोनदा टेम्पो बंद पडला. जुन्या ड्रायव्हरवर दिव्यांचा आळ आला. त्याने खाली मान घालून ऐकून घेतले. नवी बॅटरी आणण्याचेही ठरले. त्यापूर्वी व्यापाऱ्याच्या मुलाने मीटर लावला. बाहेरून चार्ज करून आणलेली बॅटरी सकाळी १२.६ दाखवत होती आणि किल्ली फिरवतानाही १०.४ वर टिकली. इंजिन चालू झाल्यावर मात्र आकडा १२.४ वरच राहिला. दिवे लावताच आणखी उतरला. अल्टरनेटरचे कार्बन ब्रश झिजले होते. ते बदलल्यावर आकडा १४.१ वर आला. व्यापाऱ्याने ड्रायव्हरला बोलावून सर्वांसमक्ष सांगितले, “काका, चूक तुमची नव्हती.” वाचलेल्या पैशांपेक्षा हे वाक्य मोलाचे होते.

तिन्ही आकडे ठीक असूनही पर्युषणात आठ-दहा दिवस उभी राहिलेली मोटार सुरू होत नसेल, तर गळती शोधावी. डिकीतला जळता राहिलेला दिवा किंवा नंतर बसवलेले एखादे उपकरण गुपचूप वीज खात असते. टर्मिनलवरील पांढरट-निळसर भुकटीही पाहावी. खायच्या सोड्याच्या पाण्याने ती निघते आणि आवळलेले टर्मिनल कित्येकदा ‘मेलेल्या’ बॅटरीला जागे करते.

बॅटरी खरोखर बदलावी लागली, तर जुनी विक्रेत्याकडेच परत द्यावी. शिसे आणि आम्ल माती-पाण्यात गेल्यास किती जिवांना अपाय होतो, हे निराळे सांगायला नको. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनीही ती योग्य ठिकाणी सोपवण्याचे बंधन घातले आहे.

महिन्यातून एकदा हे तीन आकडे तारखेसह वहीत लिहावेत. पाच मिनिटांचे काम आहे. आकडे हळूहळू उतरू लागले, की टेम्पो अडण्याच्या कितीतरी आधी वही सूचना देते. आणि कोणाला दोष देण्यापूर्वी पाहण्यासारखे काहीतरी हाती असते.