खिडकीचा भाव

घाटकोपरच्या कापडव्यापाऱ्यांनी गोव्याच्या क्रूझचे दरपत्रक खातेवहीसारखे तपासले. बिनखिडकीची केबिन स्वस्त, बाल्कनीची महाग. बंदरशुल्क, जीएसटी निराळे. "केबिनमध्ये झोपण्यापुरतेच तर जायचे," ते म्हणाले.

"मग सूर्य मावळल्याचे मला कळणार कसे?" मातोश्रींनी विचारले. चौविहार चाळीस वर्षांचा. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या जुन्या आगबोटीत डेकवर सतरंजी पसरली की सारे आकाश फुकट मिळे!

अखेर खिडकी घेतली, तीही उजव्या बाजूची. दक्षिणेकडे जाताना पश्चिम तिकडेच.

बॅलार्ड पिअर मागे पडले. जैन भोजन होते, पण भोजनकक्ष सूर्यास्तानंतर उघडणार होता. मुलाने तक्रार नोंदवली. दिलगिरी तत्काळ मिळाली, ताट नाही. मातोश्रींनी खाखऱ्यांचा डबा उघडला आणि काचेवर नजर ठेवून सावकाश जेवू लागल्या.