मॉरिशसला जाताना काय न्यावे?

आमच्या क्रांती चौकात कुणी प्रवासाला निघाले, की सल्ला देणाऱ्यांना तोटा नसतो. यंदा गणपतीत आम्ही उभयता मॉरिशसला जाणार हे कळताच शेजारचे काका म्हणाले, "अहो प्रोफेसर, उष्ण कटिबंधातला देश तो! गरम कपड्यांचे ओझे कशाला?" मलाही ते पटले. मराठवाड्याच्या उन्हात वाढलेल्या माणसाला उष्ण कटिबंधाचे काय भय!

मुंबईहून विमानाने सुमारे सहा तास. उतरल्यावर घड्याळ दीड तास मागे घ्यावे. एका स्नेह्याच्या ओळखीने तिथल्या मराठी शिक्षकांच्या घरी आमची सोय झाली होती. त्यांनी दुसऱ्या दिवशी आम्हांला क्यूरपिपला नेले. विषुववृत्ताच्या दक्षिणेला ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे हिवाळ्याची अखेर. त्यात हे गाव पठारावर. भुरभुर पाऊस आणि बोचरा वारा! प्रोफेसरसाहेब सौभाग्यवतींची शाल पांघरून हिंडले. तेव्हा पहिली सूचना: स्वेटर न्या.

दुसरी सूचना पैशांची. तिथलेही नाणे रुपयाच. पण त्यांचा एक रुपया म्हणजे आपले जवळजवळ दोन. हिने "किती स्वस्त!" म्हणत केलेली खरेदी घरी येऊन हिशेब मांडल्यावर महाग ठरली. तिसरी, विजेच्या बटणांना चौकोनी तीन पायांची इंग्रजी पिन लागते. चौथी, ताजी फळे, बियाणे, रोपे परवान्याशिवाय नेऊ नका. गणपतीसाठी म्हणून दूर्वांची जुडीसुद्धा नको. पाचवी, संध्याकाळनंतर बसगाड्या विरळ होतात, फार रेंगाळू नका.

पोर्ट लुई बंदरातला आप्रवासी घाट मात्र चुकवू नका. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलास' जहाजातून उसाच्या मळ्यांसाठी करारावर आणलेले मजूर या बेटावर उतरले. १९२० पर्यंत असे साडेचार लाखांच्या आसपास लोक आले. त्यांतले मुंबई बंदरातून चढलेले अनेकजण कोकणातले, आपले. घाटाच्या दगडी पायऱ्या सोळा. एका मिनिटात चढून होतात; पण त्या चढून आलेल्यांपैकी कितीतरी जणांनी घर पुन्हा पाहिले नाही. मोका येथल्या महात्मा गांधी संस्थेत त्यांच्या नोंदी जपल्या आहेत. जहाजाचे नाव, गाव, बापाचे नाव पाहून नातवंडे-पतवंडे आजही आपले मूळ शोधतात.

गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. कास्काव्हेलमध्ये आरतीला गेलो. झांजा, टाळ्या, चाल, सारे आपलेच. माझ्या शेजारी दहा-अकरा वर्षांची एक मुलगी वहीत पाहून गात होती. वहीत आरती मराठीच. पण अक्षरे रोमन. घरी बोलायची भाषा क्रिओल, मराठी ती शाळेत शिकते. मनात म्हटले, बिचारी!

आरती संपल्यावर तिने वहीतल्या एका शब्दावर बोट ठेवले. "गुरुजी, याचा अर्थ काय?"

मी एम.ए., वीस वर्षे मराठी शिकवतो. ती आरती चाळीस वर्षे म्हणत आलो. आणि त्या शब्दाचा अर्थ मला धड सांगता येईना! "म्हणजे... देवाचे वर्णन आहे, बाळ," एवढे कसेबसे म्हणालो. तिने मान डोलावली. पण वहीत शब्दापुढे काढलेले प्रश्नचिन्ह खोडले नाही.

परतलो त्या रात्री आमच्या कन्येला तोच शब्द विचारला. ती इंग्रजी शाळेत. "बाबा, आरतीचा कुठे अर्थ असतो? ती म्हणायची असते!" रागावणार होतो, पण कुठल्या तोंडाने? कोश काढला, तिला शेजारी बसवले आणि अख्खी आरती शब्द-शब्द लावली. अर्थ तिनेच सुवाच्य देवनागरीत लिहिला आणि तो कागद त्या मुलीकडे टपालाने गेला.

तेव्हा, वाचकहो, मॉरिशसला जाल तर चिवड्याचे डबे दोन कमी न्या आणि मुलांची मराठी पुस्तके चार जास्त. आणि हो, निघण्यापूर्वी आरतीचा अर्थ वाचून ठेवा. तिथे विचारतात.