गाडी बाजूला घ्या!

पुण्यांत राहणाऱ्या माणसाच्या कानांवर जीं आज्ञार्थी वाक्यें पडतात, त्यांत "गाडी बाजूला घ्या" या वाक्याइतकें परिणामकारक दुसरें नसेल. तें ऐकतांच मोठमोठ्या विद्वानांच्या चेहऱ्यावरचें तेज मावळतें. कोणी खिशांतील पाकीट चांचपतो, कोणाला मंत्रालयांतल्या मेव्हण्याचें स्मरण होतें, तर कोणी जन्मांत कधीं न दाखविलेला विनय धारण करून "काय झालें, साहेब?" असें विचारतो. अपराध कांहींएक नसतांनाही छाती धडधडावी, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

मागच्या महिन्यांत कॉलेजांतून परततांना एका चौकांत मलाही ही आज्ञा झाली. माझ्याबरोबर आणखी एक तरुण थांबविला गेला. पाठीवर घरोघर जेवण पोंचविणाऱ्यांची ती चौकोनी पिशवी. माझें लायसन पाहून "जा काका, सावकाश जा" असा निरोप मिळाला. तरुणाचीं कागदपत्रें तितकींच चोख होतीं. पण त्याला मात्र "ए, पिशवी उघड, डिकी उघड" असें फर्मान सुटलें. मी रेंगाळलों व विचारलें, "यांची पिशवी कशासाठीं?" उत्तर आलें, "रुटीन आहे, काका." डबे बाहेर निघाले, सांपडलें कांहींच नाहीं. ते पुन्हां भरतांना तो मुलगा सारखा घड्याळाकडे पाहत होता. आम्हां दोघांत फरक एवढाच होता कीं, माझे केस पांढरे होते आणि शर्टाला इस्त्री होती.

असा फरक कायद्याला ठाऊक आहे काय? विषय माझा वाङ्मयाचा. तरी घरीं येऊन पुस्तकें काढलीं. १९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो कीं, गणवेशांतील पोलिसानें मागितलें असतां चालकानें लायसन दाखविलेंच पाहिजे. त्यांत कुरकुरीला जागा नाहीं. परंतु लायसन मागणें निराळें आणि झडती घेणें निराळें. तपासासाठीं वॉरंटावांचून झडती घ्यावयाची, तर अधिकाऱ्यानें आपल्या समजुतीचीं कारणें अगोदर लिहून ठेवावीं व त्या भागांतले दोन प्रतिष्ठित पंच बोलवावे, अशी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची शिस्त. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेनें ती राखून झडतीच्या चित्रीकरणाचीही तींत भर घातली. अमली पदार्थांच्या संशयावरून अंगझडती असेल, तर ती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर व्हावी असें म्हणण्याचा त्या माणसाला हक्क आहे. "रुटीन" हें कारण मला कोठेंही आढळलें नाहीं. उलट "स्थळ" या शब्दाच्या व्याख्येंत घर, इमारत व तंबू यांच्या पंक्तीला वाहनही बसविलेलें दिसलें. म्हणजे त्या मुलाची डिकी ही एका अर्थानें त्याच्या घराची ओसरीच!

आणि घराच्या झडतीचा अर्थ या शहराला पुस्तकांतून शिकावा लागलेला नाहीं. १८९७ च्या प्लेगांत रोगी हुडकण्यासाठीं गोरे सोजीर घराघरांत शिरले. रोग आटोक्यांत आणावा, हा हेतु वाईट होता असें कोण म्हणेल? पण माजघराची आणि देवघराची चाड न राखतां झालेल्या त्या तपासणीनें लोकांचीं मनें इतकीं पेटलीं कीं, २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडसाहेबावर गोळी झाडली गेली. हेतु चांगला असला म्हणजे रीत कशीही चालते, हा समज राज्यकर्त्यांना व प्रजेला किती महाग पडतो, याचा तो दाखला आहे.

"एवढे नियम पाळले तर गुन्हेगार मोकाट सुटतील," असें माझे मित्र म्हणतात. त्यांचा रोख मला कळतो. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरांत एका भरधाव पोर्श मोटारीनें दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. आरोपी अल्पवयीन, जामिनाच्या अटींत तीनशें शब्दांचा निबंध! जन्मभर निबंध तपासीत आलेल्या माझ्यासारख्यालाही त्या निबंधाची लाज वाटली. पुढें मुलाला निरीक्षणगृहांत ठेवण्यांत आलें. पण जून महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयानें ते आदेश बेकायदेशीर ठरवून त्याची सुटका केली. आमच्या प्राध्यापकांच्या खोलींत त्या दिवशीं कायद्याला फार शिव्याशाप मिळाले. मला मात्र वाटलें, लोकांच्या संतापासाठीं जो कायदा एकदां वाकतो, तो पुढें रोज वाकेल. आणि रोज वाकेल तो पिशवीवाल्या मुलावर. नोव्हेंबर २०२५ मध्यें वरळीच्या एका मोटार-अपघाताच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, अटकेचीं कारणें प्रत्येकाला त्याच्या समजण्याच्या भाषेंत लेखी मिळालीं पाहिजेत. गाडी श्रीमंताची होती. निकाल मात्र सर्वांचा झाला.

तरीही न्यायालयावर सारा भार टाकून चालणार नाहीं. झडती बेकायदेशीर होती, एवढ्यावरून तींत सांपडलेला पुरावा त्याज्य ठरत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें १९७३ सालींच सांगून ठेवलें आहे. तेव्हां हे नियम जगतात किंवा मरतात ते चौकांतच. धुरांत आणि उन्हांत तासन् तास उभ्या असलेल्या पोलिसाशीं हुज्जत घालावी, असें मी म्हणत नाहीं. परंतु "कारण काय?" असें शांतपणें विचारणें म्हणजे उद्धटपणा नव्हे. पांढऱ्या केसांना जो मान आपोआप मिळतो, तो शेजारीं उभ्या असलेल्याला घटकाभर उसना देतां येतो. आणि तो देण्यानें कमी होत नाहीं.