हुंडीची पाठ

माणसाची ओळख तोंडावरून पटते म्हणतात. हुंडीचे तसे नाही. कोणी लिहिली, कोणावर लिहिली, किती रुपयांची आणि किती मुदतीची, एवढेच तिचे तोंड सांगते. तिची खरी हकीकत पाठीवर असते.

हे मला कळले १९७४ च्या दिवाळीत. मी तेव्हा पुण्यात कायदा शिकत होतो, आणि नवे शिकलेले कलम दिसेल त्याला लावून पाहण्याची मला मोठी हौस होती. सुटीत बार्शीला घरी आलो. लक्ष्मीपूजनासाठी अण्णांची शिसवी पेटी पुसताना तिच्या तळाशी एक जुनी हुंडी सापडली.

अण्णांचे कापडाचे दुकान होते. १९६० साली त्यांच्या एका दुकानदार मित्राने दिवाळीचा माल उधारीवर नेला. अण्णांनी त्याच्यावर ७०० रुपयांची, ६० दिवसांच्या मुदतीची हुंडी लिहिली, आणि मित्राने ती सकारली. अण्णांनाही रोख पैशाची निकड होतीच. त्यांनी पाठीवर सही करून ती एका पेढीला दिली आणि वटाव कापून पैसे आणले. मुदत भरली, कायद्याने दिलेले सवलतीचे ३ दिवसही सरले, पण मित्राकडून दमडी आली नाही. पेढीने अण्णांना कळवले. पाठीवर सही करणारा नुसता कागद पुढे देत नाही. ‘त्याने दिले नाहीत तर मी देईन’ अशी हमीही देतो. अण्णांनी पैसे भरले. ते कुठून आले, हे आईच्या मनगटाकडे पाहून ओळखण्याचे माझे तेव्हा वय नव्हते.

मी ऐटीत म्हणालो, “अण्णा, सही करताना ‘माझ्यावर जबाबदारी नाही’ एवढं लिहायचं. १८८१ च्या कायद्यात, कलम ५२ मध्ये, तशी सोय आहे.”

अण्णा हसले. “असेल ना. पण ज्याचा भरवसा मीच धरत नाही, त्याचा पेढीवाल्यानं का धरावा?”

मी हुंडी उलटली. मित्राच्या सहीवरून एक आडवी रेघ ओढलेली होती. पैसे भरून हुंडी परत घेतल्यावर मित्रावर दावा लावण्याचा हक्क अण्णांकडे आला होता. आणि कलम ८२ सांगते की, हुंडी ज्याच्या हाती आहे त्याने सकारणाऱ्याचे नाव त्याला मोकळे करण्याच्या हेतूने खोडले, की त्याच्यापुरता तो सुटला.

“त्या वर्षी त्याची बायको गेली,” अण्णा म्हणाले. “पदरात दोन पोरं. त्याला कोर्टात काय खेचायचा?”

आई समईत तेल घालीत होती. तिने मान वर केली नाही. “त्या एका रेघेत माझ्या पाटल्या गेल्या,” एवढेच ती म्हणाली. अण्णा गप्प झाले. मलाही एकही कलम आठवेना.

पुढे चाळीस वर्षे मी वकिली केली. आता पाठीवर सही करून कागद पुढे देणारे क्वचितच भेटतात. फोनवरून पैसे जातात. त्यांना पाठच नसते. अण्णा-आई दोघेही गेली. दर दिवाळीला मी ती हुंडी काढतो, उलटसुलट पाहतो. पुढच्या बाजूला मित्राची सुटका आहे, मागच्या बाजूला अण्णांची हमी. जिने ती फेडली, तिची सही मात्र कुठेच नाही.