पासिंगचे टायर आणि पावसातले टायर

मृग लागायला आता फार दिवस नाहीत, म्हणून हे आजच लिहितो. पाणी पडल्यावर लिहिलं की त्याची बातमी होते, आणि असल्या बातम्या वीस वर्षं लिहितोय. गाडी फसली, रुग्ण खाटेवर नेला, शाळेची पोरं घेऊन जाणारी गाडी बांधीत उतरली. पंचनाम्यात रस्ता येतो, पाऊस येतो, "चालकाचा ताबा सुटला" हे तर हमखास येतं. टायर मात्र कुठंच येत नाही.

मोहर्लीत टायरची चर्चा होते ती जिप्सीपुरती. पर्यटकांची गाडी, तिचं सगळंच कौतुकाचं. पण 1 जुलै ते 30 सप्टेंबर ताडोब्याचा कोअर बंद असतो. बफरमधली थोडीफार सफारी सोडली तर जिप्स्या छपराखाली उभ्या राहतात. त्या तीन महिन्यांत भामडेळी, कोंडेगाव, मुधोली, आगरझरी या पट्ट्यात कोण धावतं? ईको, बोलेरो, पिकअप आणि एखादी म्हातारी काळी-पिवळी जीप. दवाखाना, बाजार, कॉलेज, सगळं यांच्याच भरवशावर. आणि या सगळ्या गाड्या मागच्या चाकांवर चालतात. जिप्सीला निदान दुसरा दांडा ओढला की पुढची चाकंही कामाला लागतात. यांना ती सोय नाही.

मागच्या चाकांवर चालणं म्हणजे काय, ते समजून घ्या राजेहो. इंजिन पुढं, नाहीतर पुढच्या सीटखाली. म्हणजे वजन पुढं आणि ढकलायचं काम मागं. गाडी रिकामी असली की मागचा भाग हलका पडतो, चाकाला जमीन धरायला वजनच मिळत नाही, आणि एक्सलेटर दिला की चाक जागच्या जागी फिरतं. म्हणून तुम्ही बघा, चंद्रपूरला जाताना खचाखच भरलेली पिकअप चिखलातून निघून जाते आणि परत येताना रिकामी असली की त्याच जागी फसते. ड्रायव्हर म्हणतो, सकाळी तर गेली होती ना बापा! सकाळी तीच गेली, पण वजनावर गेली. अर्थात वजन भरलं म्हणजे झालं असंही नाही. भरलेली गाडी चढते बरी, पण थांबायला लांब पल्ला घेते, आणि वळणावर मागचा भाग एकदा बाहेर गेला की मग आवरत नाही.

फसण्याची जागा म्हणजे कच्चा रस्ता असंच आपल्याला वाटतं. माझ्या मते त्याहून वाईट आहे डांबरी रस्ता. रोवणीच्या दिवसांत चिखलणी करून ट्रॅक्टर बांधीतून वर येतात आणि चाकाचा सगळा गारा डांबरावर सांडत जातात. त्यावर भुरभुर पाऊस पडला की साय धरल्यासारखा पातळ थर बसतो. जोराचा पाऊस तो धुऊन नेतो, भुरभुर पाऊस नेत नाही. चंद्रपूरकडून येताना पद्मापूरच्या बाजूला कोळशाची धूळ असते, पहिल्या सरीत तिचाही काळा लेप होतो. अशा रस्त्यावर ब्रेक दाबला तर गाडी थांबत नाही, घसरते.

आता कोणी म्हणेल, फसली तर फसली, उतरून ढकलू. इथंच आपली गोष्ट बाकी महाराष्ट्रापेक्षा वेगळी होते. गेल्या पावसाळ्यात मुधोलीकडून येताना आमची ईको दिवेलागणीला रस्त्याच्या कडेला रुतली. आत नऊ माणसं, त्यात एक बाळंतीण माहेरी निघालेली. ड्रायव्हरनं पहिलं वाक्य उच्चारलं ते "कोणी उतरू नका जी." मग शिटी वाजवली, दिवे चालू ठेवले, आणि आम्ही तिघं उतरलो. दोघं ढकलायला आणि एक जण पाठ गाडीला लावून झाडीकडं टॉर्च धरायला. टॉर्च माझ्या हातात होता. पायदाणं चाकाखाली सरकवून गाडी निघायला वीस-पंचवीस मिनिटं लागली. त्या वेळात कोणी बोललं नाही, बाळसुद्धा रडलं नाही. वाघ दिसला का, असं नंतर सगळ्यांनी विचारलं. नाही दिसला. पण 2021 च्या नोव्हेंबरात याच प्रकल्पात कोलाऱ्याच्या बाजूला गणनेसाठी पायी निघालेल्या वनरक्षक ताईला वाघिणीनं नेलं, हे गाडीतल्या प्रत्येकाच्या डोक्यात होतं. गाडी निघाल्यावर मी मागच्या टायरला हात लावून पाहिला. तळहातासारखा गुळगुळीत.

माझा भाचा कॅनडात टोरांटोजवळ असतो. त्यानं तिकडं मागच्या चाकांवर चालणारी जुनी गाडी घेतली, तर पहिल्या हिवाळ्याआधीच शेजाऱ्यानं त्याला दोन गोष्टी सांगितल्या : हिवाळी टायर लाव, आणि डिकीत वाळूची पोती टाक. पोत्यांचं ऐकून मला हसू आलं, कारण आपले पिकअपवाले नेमकं हेच करतात. टायरचं मात्र नवीन होतं. साधा टायर 7 अंशाखाली कडक होत जातो आणि रस्ता धरायचं सोडतो. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, आणि त्याच्या नक्षीत बारीक चिरा असतात त्या बर्फाला धरतात. तिकडं क्यूबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च असे टायर कायद्यानं सक्तीचे आहेत. भाच्याच्या ऑन्टारियोत सक्ती नाही, पण ते लावले तर विमा कंपनीला हप्त्यात सूट द्यावी लागते. आपल्याकडंही बर्फ पडला की मनालीच्या पुढं फोर बाय फोर किंवा साखळी लावलेल्या गाड्याच सोडतात. म्हणजे ऋतू बदलला की टायर हा एकट्या मालकाचा प्रश्न राहत नाही, हे कुठंकुठं मान्य झालेलं आहे.

आपल्याला बर्फाचे टायर नकोत, पण निवड आपल्यालाही करावी लागते. दुकानात तीन प्रकार सांगतात : एच.टी., ए.टी. आणि एम.टी. पोरांना मोठ्या गोट्यांचा एम.टी. आवडतो, कारण तो दिसतो भारी. चिखलात तो उत्तमच, पण ओल्या डांबरावर त्याची पकड कमी पडते. आपलं निम्म्याहून जास्त अंतर डांबरावर जातं, तेव्हा आपल्यासाठी मधला ए.टी. बरा. ईकोसारख्या लहान गाडीला एवढा पर्यायच नसतो. तिथं एकच बघायचं, नक्षी शिल्लक आहे का. नक्षीतूनच पाणी आणि गारा बाहेर फेकला जातो. नक्षी संपली की टायर पाण्यावर तरंगतो.

आणखी एक. नवीन जोडी आणली की आपल्याकडं ती पुढं लावतात आणि घासलेली मागं ढकलतात. "मागं चालते" हे आवडतं वाक्य. उलटं करा. पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जाते, पाय काढला की बहुतेकदा सावरते. मागचं घसरलं तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते. टायर बनवणारेही नवीन जोडी मागंच लावायला सांगतात. आपल्या गाड्यांत तर जोरही मागच्याच चाकांना लागतो.

कायदा आहे. जीप-कारच्या टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली तर तो टायर रस्त्यावर चालत नाही. मोजपट्टीही लागत नाही, खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, नक्षी घासून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण पासिंगच्या दिवसापुरते चांगले टायर लावायचे आणि संध्याकाळी उतरवायचे, हा प्रकार कोणाला माहीत नाही? ड्रायव्हरला शिव्या घालून उपयोग नाही. सीटमागं जे भाडं मिळतं त्यात डिझेल जातं, हप्ता जातो, पोलिसाचा चहा जातो. टायरच्या जोडीला पैसे उरतात कुठून?

म्हणून माझं म्हणणं असं की, तपासणी जूनच्या पहिल्या आठवड्यात व्हावी आणि ती चंद्रपुरात नाही, मोहर्लीच्या चौकात व्हावी. पहिल्या वेळी दंड नको, पंधरा दिवसांची मुदत द्या. पर्यटनातून गावाच्या नावानं जो पैसा येतो, त्यातून शाळेची पोरं आणि रुग्ण नेणाऱ्या गाड्यांना मागच्या एका जोडीसाठी बिनव्याजी उसनवारी देता येईल का, हे ग्रामसभेत मांडू. ट्रॅक्टरवाल्या भावांनी रस्त्यावर चढण्याआधी चाकाचा गारा फावड्यानं काढावा, पाच मिनिटांचं काम आहे.

तुमच्या गावाच्या रस्त्यावर गाड्या नेमक्या कुठं फसतात ते मला जागेसकट कळवा. कोणता नाला, कोणतं वळण, कोणाच्या बांधीजवळ. मृगाच्या आधी ती यादी बांधकाम विभागाला आणि वनविभागाला दोघांनाही नेऊन देतो.